कोयनेचे लहान धक्के मोठ्या भूकंपाचा जोर काढून घेतात का?

कराडहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. लहानपणापासून कोयनेचे धक्के अंगवळणी पडलेत. वडील म्हणतात, धरणातल्या पाण्याच्या वजनानं जमीन दबते म्हणून भूकंप होतात. काका म्हणतात, असे बारीकसारीक धक्के बसत राहिलेले बरे, आतला जोर निघून जातो आणि मोठा भूकंप टळतो. विचारणाऱ्याला स्वतःला दोन कोडी पडली आहेत. दर वेळी आधी खालून एक दणका आणि काही सेकंदांनी आडवा हेलकावा, असं दोनदा का जाणवतं? आणि एकाच भूकंपाचा आकडा एका बातमीत ३.१ तर दुसरीत ३.४ कसा? शेवटचा प्रश्न घराचा: मागचं घर दगडमातीचं, जुनं; पुढे आरसीसीच्या दोन खोल्या नंतर बांधलेल्या. त्याचं काय करावं?

माझी सगळी नोकरी भूकंपलेख, म्हणजे यंत्रावर उमटलेल्या धक्क्यांच्या रेषा, वाचण्यात गेली आणि त्यात कोयना-वारणा खोऱ्यातले लेख सगळ्यात जास्त. काकांचं मत या पट्ट्यात घरोघरी ऐकू येतं. मला ते सगळ्यात घातक वाटतं, कारण त्यावर विश्वास बसला की माणूस आपल्या भिंतींकडे बघायचं सोडून देतो. त्याचं उत्तर आकड्यांत देता येतं, पण त्याआधी जमिनीखाली नेमकं काय घडतं ते सांगायला हवं.

भारताचा भूपट्ट वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर या गतीनं उत्तरेकडे सरकतो आहे आणि हिमालयाशी अडतो आहे. त्या रेट्यानं अख्ख्या द्वीपकल्पाच्या खडकात दाब साठलेला असतो, सह्याद्रीखालीही. खडक अखंड नसतो. त्यात फार जुन्या भेगा असतात, आणि भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींपासून सरकलेल्या असतील तर तिला भ्रंश म्हणतात. आम्ही बोलताना सरळ फॉल्टच म्हणतो. दोन्ही बाजूंना वरच्या खडकाच्या भारानं घट्ट दाबून धरलेलं असतं, त्यामुळे घर्षण त्यांना सरकू देत नाही. रेटा वाढत जातो, खडक किंचित वाकतो, आणि एका जागी घर्षण हरलं की भ्रंश तिथून उलगडत जातो. वाकलेला खडक पुन्हा सरळ होताना जी ऊर्जा सुटते तिच्या लहरी आपल्यापर्यंत येतात. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपानंतर तिथली कुंपणं आणि रस्ते भ्रंशरेषेवर तुटून बाजूला सरकलेले दिसले. त्या मोजमापांवरून हॅरी रीड यांनी १९१० मध्ये हे स्पष्टीकरण मांडलं आणि ते आजही टिकून आहे.

ही उलगड एका क्षणात होत नाही. भेग खडकातून सेकंदाला अडीच-तीन किलोमीटर धावते. म्हणजे २० किलोमीटरचा भ्रंश एका टोकाकडून सरकत गेला तर त्यालाच सात-आठ सेकंद लागतात. मोठा भूकंप जास्त वेळ हलवतो त्याचं हे एक कारण.

कोयनेला भ्रंशाच्या दोन्ही बाजू मुख्यतः आडव्या सरकतात. १९६७ चा भ्रंश उत्तर-ईशान्य ते दक्षिण-नैऋत्य असा होता आणि त्यावरची हालचाल डावी होती, म्हणजे एका बाजूला उभं राहून पाहिलं तर समोरची बाजू डावीकडे गेली. किल्लारीला १९९३ मध्ये वेगळं घडलं. तिथे तिरप्या भ्रंशावर एक बाजू दुसरीच्या अंगावर चढली. दोन्हीकडे मूळ रेटा एकच, पण जुनी भेग जशी पडलेली असेल तसा खडक सरकतो.

आपल्याकडे भूकंप म्हटलं की सह्याद्रीचा काळा कातळ फुटत असेल अशी कल्पना असते. ती बरोबर नाही. भूकंप नक्की कुठल्या खडकात होतात ते पाहण्यासाठी कोयना भागात गोठणे इथे ३ किलोमीटर खोल छिद्र घेतलं गेलं. ते २०१७ मध्ये पूर्ण झालं. तिथे काळ्या बेसाल्टचे थर सव्वा किलोमीटरच्या आसपास संपले आणि त्यांच्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा, त्याहून कितीतरी जुना खडक लागला. किल्लारीला बेसाल्ट आणखी पातळ, साधारण ३३८ मीटर. कोयनेचे बहुतेक भूकंप १० किलोमीटरच्या आत होतात, म्हणजे बेसाल्टच्या पांघरुणाखालच्या जुन्या खडकात. वरचा कातळ फक्त त्यांच्याबरोबर हलतो.

आता तुमच्या दोन धक्क्यांचं. भ्रंश सरकला की दोन जातीच्या लहरी एकाच वेळी निघतात. पहिली प्राथमिक, आमच्या भाषेत पी. हिच्यात खडक लहरीच्या वाटेनंच पुढेमागे दाबला आणि ताणला जातो. ग्रॅनाइटमध्ये ती सेकंदाला साधारण ६ किलोमीटर जाते. दुसरी दुय्यम, म्हणजे एस. हिच्यात खडक वाटेला आडवा हलतो. वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या आसपास. दोघी एकदम निघतात, पण एस मागे पडते. जितकं अंतर जास्त, तितकी दोघींमधली फट मोठी.

दणका खालून आणि हेलकावा आडवा का, याचंही कारण आहे. खोल खडकात वेग जास्त आणि वरच्या थरांत कमी असतो. वेगवान थरातून मंद थरात शिरताना लहर वाकते आणि पृष्ठभागाशी येईपर्यंत बरीचशी उभी होते. लहर खालून वर येत असेल तर पी तुम्हाला वर ढकलणार आणि एस बाजूला ढकलणार. भांडी आधी खुळखुळतात आणि टांगलेला दिवा नंतर झुलतो, तो याच क्रमानं. कोयनानगर-पाटणकडचे लोक धक्क्याआधी गडगडाट ऐकल्याचं सांगतात, तेही खरं आहे. उथळ भूकंपाची पी लहर जमिनीतून हवेत उतरते तेव्हा तिच्यातली जलद कंपनं कानाला ऐकू येतात. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात धक्क्यांची मालिका सुरू झाली तेव्हा तिथल्या गावांतही हेच आवाज ऐकू येत होते आणि लोक घाबरून गेले होते.

या फटीवरून अंतर काढता येतं आणि ते तुम्हीही काढू शकता. दणका जाणवला की सेकंद मोजायला लागा, हेलकावा सुरू झाला की थांबा, आणि आलेल्या सेकंदांना आठनं गुणा. कोयनानगर ते कराड सरळ रेषेत ४८-५० किलोमीटर आहे, म्हणून तुमच्याकडे फट सहा सेकंदांची येईल. पाटणला दोन, चिपळूणला साडेतीन-चार, पुण्याला पंधराच्या आसपास. ज्या दिवशी कराडला फट तीनच सेकंद वाटेल त्या दिवशी धक्का कोयनेचा नाही असं समजा.

भूकंपमापन केंद्रावरही हेच करतात, फक्त बारकाईनं. कोयना खोऱ्यातल्या एखाद्या ३ च्या धक्क्याचा लेख डोळ्यांपुढे आणा. धक्क्याआधीची रेषा सपाट वाटते, पण तशी ती कधीच नसते. झाडं वाऱ्यानं हलतात, घाटातून ट्रक जातात, पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर समुद्र आपटत असतो, त्या सगळ्याची बारीक थरथर तिच्यात सतत असते. त्या थरथरीतून एक टोकदार झटका उठतो. तो पी. तो पहिल्यांदा वर गेला की खाली, हे आधी नोंदवायचं, कारण वर म्हणजे भ्रंशानं त्या केंद्राला ढकललं आणि खाली म्हणजे ओढलं. मग रेषा थोडी शांत होऊ लागते न लागते तोच आडवी हालचाल टिपणाऱ्या रेषांवर दुप्पट-चौपट मोठी लाट येते. ती एस. तिच्यामागे हळूहळू विरत जाणारी शेपटी. तीन केंद्रांवर ही फट दीड, अडीच आणि चार सेकंद आली समजा. अंतरं झाली १२, २० आणि ३२ किलोमीटर. नकाशावर प्रत्येक केंद्राभोवती कंपासनं तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढायचं. तिन्ही वर्तुळं एका बिंदूत भेटत नाहीत, एकमेकांवर चढून लहानसा तुकडा तयार होतो. नवखा वाचक इथे गडबडतो, पण तो तुकडा बहुधा भूकंपाच्या खोलीचा पुरावा असतो. आपण मोजलेलं अंतर जमिनीवरचं नसतं, जमिनीखाली जिथून भूकंप सुरू झाला त्या जागेपर्यंतचं, म्हणजे भूकंपनाभीपर्यंतचं, तिरपं असतं. खोली जितकी जास्त, तितकी वर्तुळं जास्त चढतात. आता हे गणित संगणक क्षणात करतो. पी अंधूक असेल तर मात्र अजूनही माणसालाच रेषा वाचावी लागते.

वर-खालीची ती नोंद पुढे फार कामाला येते. पुरेशा केंद्रांवरचे 'ढकललं' आणि 'ओढलं' नकाशावर मांडले की चार भाग पडतात, समोरासमोरचे दोन ढकललेले आणि दोन ओढलेले. त्यांच्या मधल्या रेषांपैकी एक म्हणजे भ्रंशाची दिशा. जमीन न उकरता कोयनेचा भ्रंश आडवा आणि किल्लारीचा चढणारा हे असं कळतं.

या लहरी वेगवेगळ्या ओळखण्याचं मोठं काम भारतातल्या भूकंपावरून झालं आहे. १२ जून १८९७ च्या आसामच्या भूकंपाचा अभ्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी केला. युरोपातल्या यंत्रांवर उमटलेल्या रेषांत पी, एस आणि त्यांच्यानंतर येणाऱ्या भूपृष्ठ लहरी त्यांनी वेगळ्या करून दाखवल्या. पुढे १९०६ मध्ये अशाच नोंदींवरून पृथ्वीला वेगळा गाभा आहे हेही त्यांनीच मांडलं.

आकड्यांतला फरक. चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये मांडलेली पद्धत कॅलिफोर्नियासाठी आणि एका ठरावीक यंत्रासाठी होती. लेखावरची सर्वांत मोठी लाट किती उंच हे मोजायचं आणि अंतराप्रमाणे दुरुस्ती करायची. आज कोणी उंचीवरून आकडा काढतं, कोणी शेपटी किती सेकंद टिकली त्यावरून. राज्याच्या केंद्रांचं जाळं धरणाजवळ आहे, दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राची केंद्रं देशभर विखुरलेली. शिवाय भ्रंश सगळ्या दिशांना सारखी ऊर्जा फेकत नाही. पहिल्या काही मिनिटांतला आकडा यंत्रानं आपोआप काढलेला असतो आणि नंतर तो सुधारला जातो. लहान भूकंपात ०.२-०.३ चा फरक यात सहज पडतो आणि त्याचा अर्थ कोणी लपवाछपवी करतंय असा होत नाही. १९६७ च्या भूकंपाचा आकडासुद्धा तुम्हाला कुठे ६.३, कुठे ६.५ किंवा ६.६ असा सापडेल. मी ६.३ धरून चालतो.

मोठ्या भूकंपासाठी भ्रंशावरून थेट निघणारं माप जास्त विश्वासाचं असतं. भ्रंशाचा किती भाग सरकला ते क्षेत्रफळ, किती सरकला ते अंतर आणि खडकाचा ताठपणा, या तिघांचा गुणाकार. साधारण २० किलोमीटर लांब आणि १० किलोमीटर खोल भ्रंश सरासरी ६० सेंटिमीटर सरकला की ६.३ येतो. ४ च्या धक्क्यात एक किलोमीटर लांब-रुंद तुकडा चार सेंटिमीटर सरकलेला असतो. ३ च्या धक्क्यात तीनशे मीटर लांब-रुंद तुकडा दीड सेंटिमीटर.

इथेच काकांचं उत्तर आहे. आकडा एकानं वाढला की लेखावरची लाट दहापट होते, पण ऊर्जा सुमारे ३२ पट. ४ आणि ६.३ मधला फरक २.३ चा, म्हणून ऊर्जेतला फरक सुमारे २८०० पट. १९६७ चा भूकंप लहान धक्क्यांत विभागून टाळायचा तर ४ चे २८०० धक्के बसायला हवेत. कोयना-वारणा भागात गेल्या सहा दशकांत ४ किंवा त्याहून मोठे धक्के बसले ते दोनशेच्या घरात. ३ चा धक्का मोजला तर लाखाच्या आसपास लागतील. तुम्हाला जाणवणाऱ्या बारीक धक्क्यांनी आतला जोर निघत असेल तो चिमूटभर. उलट सतत बसणारे धक्के इतकंच सांगतात की इथले भ्रंश अजून सरकण्याच्या बेतात आहेत. १९६७ मध्ये हेच क्रमानं घडलं. धरणात पाणी साठायला लागलं त्यानंतर १९६२ पासून लहान धक्के जाणवू लागले, १३ सप्टेंबर १९६७ ला पाचहून मोठा भूकंप झाला, आणि ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ चा. मधल्या कुठल्याच धक्क्यानं मोठा टाळला नाही. तो टाळला जाईल असं त्या वेळी मानणारे थोडे नव्हते.

त्या पहाटे धरणातल्या यंत्रावर जमिनीचं त्वरण, म्हणजे तिच्या हालचालीचा वेग किती झपाट्यानं बदलला ते, गुरुत्वाच्या ०.६३ पट नोंदवलं गेलं. धरण बांधताना भूकंपाच्या जोरासाठी धरलेला आकडा, म्हणजे भूकंप-गुणांक, होता गुरुत्वाच्या ०.०५ पट. धरणाच्या उतरत्या बाजूचा उतार जिथे बदलतो त्या पातळीला दोन्ही अंगांना आडव्या भेगा पडल्या, पण धरण उभं राहिलं आणि पुढे मागून भक्कम आधार देऊन ते मजबूत केलं गेलं. भ्रंशाच्या इतक्या जवळच्या अशा नोंदी तेव्हा जगात मोजक्याच होत्या. धरणं भूकंपात कशी वागतात हे शिकताना आजही जगभरचे अभियंते कोयनेची ती नोंद वापरतात.

वडिलांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पाण्याचा संबंध आहे, पण वजनाचा भाग फार लहान. शंभर मीटर खोल पाणी तळावर साधारण १० वातावरणाइतका दाब टाकतं. पाच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचा दाब १३०० वातावरणांच्या आसपास असतो, त्यात हे दहा कुठे हरवतात? शिवाय खोलीबरोबर पाण्याच्या वजनाचा परिणाम पसरून आणखी कमी होतो.

खरा परिणाम खडकाच्या भेगांमधल्या पाण्याच्या दाबाचा आहे. गरम आमटीची वाटी ओल्या ओट्यावर ठेवली की ती कधी कधी कोणी न ढकलता सरकते, ते स्वयंपाकघरात सगळ्यांनी पाहिलंय. वाटीच्या बुडाखाली अडकलेली हवा तापून फुगते, वाटीचं थोडं वजन स्वतःवर घेते, ओट्याशी असलेलं घर्षण कमी होतं आणि जराशा उतारावर वाटी चालू लागते. भ्रंशात हवेच्या जागी पाणी असतं. खोल खडकाच्या भेगा मुळात पाण्यानं भरलेल्या असतात. जलाशय भरला की वरचा दाब त्या पाण्यातून हळूहळू खाली पोहोचतो; पाण्याचा थेंब तिथवर जावा लागत नाही, दाब पोहोचला तरी पुरतं. भ्रंशाच्या दोन्ही बाजूंना दाबून धरणारा जोर तेवढा कमी होतो, आणि जो भ्रंश आधीच सरकण्याच्या काठावर होता तो सरकतो.

हे केवळ अनुमान नाही. अमेरिकेत डेनव्हरजवळ लष्करी कारखान्याचं सांडपाणी ३.६ किलोमीटरहून खोल विहिरीत दाबानं सोडायला १९६२ मध्ये सुरुवात झाली आणि तिथे भूकंप सुरू झाले. पुढे त्याच राज्यात रँगली इथल्या तेलक्षेत्रात पाण्याचा दाब मुद्दाम वाढवून आणि कमी करून पाहिला, तर भूकंपही त्याप्रमाणे वाढले आणि थांबले. कोयनेला हाच प्रयोग पाऊस दरवर्षी करतो. जलाशय भरत आला की सप्टेंबरच्या सुमारास धक्के वाढतात, दाब खोलवर पोहोचायला वेळ लागतो म्हणून डिसेंबरच्या आसपास पुन्हा, आणि पाणी उतरताना आणखी एकदा. वारणेच्या धरणात १९८५ पासून पाणी साठू लागलं, आणि १९९३ नंतर भूकंपांचा जोर दक्षिणेकडे वारणेच्या अंगाला सरकलेला नोंदींत स्वच्छ दिसतो. भूकंपशास्त्रज्ञ हर्ष गुप्ता यांनी अनेक दशकं या भागाचा अभ्यास केला. त्यांना दिसलं की केवळ पातळी किती आहे यापेक्षा ती किती वेगानं चढली, आधीची सर्वोच्च पातळी ओलांडली का आणि वरच्या पातळीवर पाणी किती काळ टिकलं, यांच्याशी पाचहून मोठ्या भूकंपांचा संबंध लागतो. म्हणून 'धरण रिकामं करा' ही मागणी मला पटत नाही. घाईनं उपसलं तर उतरत्या दाबाचाही त्रास होतो. भरण्याचा आणि सोडण्याचा वेग आवाक्यात ठेवणं हे जास्त शहाणपणाचं.

आणि एक गोष्ट वडिलांना जरूर सांगा: रेटा पाण्यानं आणलेला नाही. तो भूपट्टाचा आहे आणि लाखो वर्षांचा आहे. पाण्यानं काय केलं, तर कधीतरी होणारी हालचाल अलीकडे ओढली. जगात हजारो मोठी धरणं आहेत आणि त्यांतल्या फार थोड्यांखाली भूकंप झाले. चीनमधल्या शिनफेंगजियांगला १९६२ मध्ये, आफ्रिकेत करिबाला १९६३ मध्ये, ग्रीसमधल्या क्रेमास्ताला १९६६ मध्ये सहाहून मोठे भूकंप झाले, आणि सगळ्यात मोठा कोयनेचा. जिथे खाली काठावर आलेला भ्रंश नव्हता तिथे कितीही पाणी साठवून काही झालं नाही.

पुन्हा मोठा होईल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण प्रश्नामागे तेच आहे. तारीख कोणीही सांगू शकत नाही. जो सांगतो त्याचा संदेश पुढे पाठवू नका. आकाराबद्दल काही बोलता येतं. आकडा भ्रंशाच्या क्षेत्रफळावर बेततो, आणि कोयना-वारणेचा सक्रिय भाग साधारण ३० किलोमीटर लांब आणि २० किलोमीटर रुंद एवढाच आहे. हिमालयासारखा आठचा भूकंप इथे बसवायला जागा नाही. पण सहाच्या आसपासचा पुन्हा होणारच नाही असं म्हणायला मला कुठलाही आधार दिसत नाही. पाचच्या वरचे वीसेक भूकंप या भागात आजवर होऊन गेलेत.

सहाचा भूकंप कोणाला मारतो हे किल्लारीनं दाखवलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, तीव्रता ६.२, म्हणजे कोयनेहून किंचित लहान. कोयनेला दोनशेच्या आसपास माणसं गेली. किल्लारी परिसरात हजारो. तेव्हाच्या नकाशात तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. आदल्या वर्षी तिथेही लहान धक्क्यांची मालिका होऊन गेली होती. जवळ तेरणा नदीवरचं धरण होतं म्हणून पाण्याचा संशय घेतला गेला, पण पाण्याची पातळी आणि धक्के यांचं जे नातं कोयनेला वर्षानुवर्षं दिसतं तसा पुरावा तिथे नाही. माणसं मेली ती माळवदाच्या घरांत. दोन-तीन फूट रुंद भिंती, गोलसर दगड, चुन्याऐवजी माती, आणि डोक्यावर लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर. अशी भिंत बाहेरून एक दिसते पण आत दोन असतात: आतला थर, बाहेरचा थर, मध्ये भरलेला गाळ आणि बारीक दगड. एस लहरीनं आडवं हलवलं की दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात, बाहेरचा बाहेर ढासळतो, आणि काही सेकंदांत माळवद खाली येतं. अंतर जास्त असेल तेव्हा धोका वेगळ्या घरांना असतो. २६ जानेवारी २००१ ला भुजच्या भूकंपानं अडीचशे किलोमीटरवरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती पाडल्या, कारण दूर पोहोचणाऱ्या संथ लहरी, साबरमतीचा गाळ आणि खाली पार्किंगसाठी मोकळा ठेवलेला मजला, तिन्ही एकत्र आलं. कराडमध्ये कृष्णा-कोयनेच्या काठच्या गाळावर उभ्या राहणाऱ्या इमारती पाहिल्या की मला ते आठवतं.

म्हणून आता तुमच्या घराकडे या. मागच्या दगडी भिंतीत आरपार जाणारे दगड आहेत का ते आधी पाहा. जुना गवंडी असेल तर ठरावीक अंतरावर पूर्ण रुंदीचा दगड घातलेला सापडेल. नसेल तर भिंत कुठेतरी फुगलेली दिसेल. हात फिरवला तरी फुगवटा कळतो. तो असेल तर नुसतं प्लास्टर करू नका. भिंतीचा भार आधी टेकूंवर घ्यायचा, मग एकेक दगड जपून काढून आरपार भोक करायचं, त्यात आकड्यासारखी वळवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचं. असे सांधे आडव्या अंतरात साधारण चार फुटांवर आणि उभ्या अंतरात दोन फुटांवर, एकाखाली एक न येता. दारं-खिडक्यांच्या वर, घराच्या चारी भिंतींवर, आतून आणि बाहेरून जाळीचा सलग पट्टा सिमेंटमध्ये बसवायचा, कोपऱ्यावर न तोडता. चार भिंती एकत्र हलल्या तर त्या टिकतात. किल्लारीनंतर दुरुस्त झालेल्या घरांत हीच पद्धत वापरली. छपरावर मातीचा थर असेल तर तो उतरवा. एवढ्या एका कामानं जीव वाचण्याची शक्यता सगळ्यात जास्त वाढते आणि खर्च सगळ्यात कमी येतो. हे सगळं भूकंपाचं काम माहीत असलेल्या अभियंत्याला दाखवूनच करा, कारण टेकू चुकला तर भिंत भूकंपाची वाट पाहत नाही.

पुढच्या आरसीसी खोल्या जुन्या भिंतीला चिकटून बांधल्या असतील तर तो सांधा तपासा. दगडी भिंत आणि काँक्रीटचा सांगाडा वेगवेगळ्या लयीत हलतात आणि एकमेकांवर आपटतात. मध्ये फट मोकळी हवी. ती सिमेंटनं बुजवलेली असेल तर मोकळी करून लवचीक भरण घालावं. स्लॅबवरची पाण्याची टाकी नुसती विटांवर ठेवलेली असते, ती बांधून घ्या.

आणि ते सहा सेकंद. कोयनेच्या मोठ्या भूकंपात कराडला खालचा दणका आणि आडवा हेलकावा यांच्यामध्ये एवढाच वेळ मिळेल. मागच्या खोलीत तळमजल्यावर, अंगणाच्या दारापासून दोन-चार पावलांवर असाल तर दणका जाणवताच बाहेर पडा आणि भिंतीपासून लांब व्हा. माडीवर किंवा आरसीसी खोलीत असाल तर जिन्याकडे धावू नका, भक्कम टेबलाखाली डोकं झाका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सहा सेकंदांत दार गाठता येत नाही. त्यांची झोपायची जागा आजच पुढच्या खोलीत हलवा, आणि पलंगाच्या डोक्याशी असलेलं कपाट भिंतीला पट्टीनं ठोकून घ्या.